बंद तंबूतली ऊब

हिमालयात जाताना मी केळी घेऊन गेलो, यावर घरीदारी बरीच थट्टा झाली. पण नशिराबादला ज्याच्या घरात तीन पिढ्या केळीची वखार चालली आहे, त्यानं परमुलखात रिकाम्या हातानं कसं जायचं? कच्च्या केळीच्या चार फण्या मी गोणपाटात गुंडाळून घेतल्या. माझा अंदाज असा, की वाटेत त्या हळूहळू रंग धरतील आणि आठव्या दिवशी डोंगरातल्या शेवटच्या गावी पोचू तेव्हा खायला तयार असतील. आठव्या दिवशी गोणपाट सोडलं तर आत काळीठिक्कर, लाकडासारखी कडक केळी निघाली. पिकली नव्हती, सडलीही नव्हती. थंडीनं आतल्या आत मेली होती. केळं न पिकताच काळं पडू शकतं हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी तिथेच दगडावर बसलो. सोबतचे लोक हसत होते, मला मात्र कुणी थोबाडीत मारल्यासारखं झालं होतं.

हा त्या प्रवासातला सगळ्यात लहान धक्का. बाकीचे पुढे सांगतो. सांगायचं नव्हतं खरं म्हणजे. पण आता ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना सांगून झालं आहे, तेव्हा लिहायला हरकत नाही.

मुळात हा प्रवास माझा नव्हता, पारसमलचा होता. पारसमल म्हणजे पाचोऱ्याच्या कापडदुकानातला चार भावांपैकी तिसरा. जळगावला कॉलेजात आम्ही एका खोलीत राहिलो. त्याला लहानपणी दमा होता. तो दहाव्या-बाराव्या वर्षी गेलाही, पण घरच्यांच्या बोलण्यातून गेला नाही. पारसला झेपायचं नाही, हे त्या घरातलं रोजचं वाक्य होतं. दुकानात कापडाचा तागा तो उचलायला गेला की कुणीतरी धावत येऊन त्याच्या हातातून घ्यायचं. चाळिशीला आलेला, दोन मुलांचा बाप, आणि त्याच्या मोठ्या भावानं गिऱ्हाइकासमोर त्याच्या हातातून तागा काढून घेतलेला मी स्वतः पाहिला आहे. पारस तेव्हा हसला होता. तो नेहमीच हसायचा.

एकाहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी तो वखारीत आला आणि वर्तमानपत्राचं एक कात्रण त्यानं माझ्यापुढे धरलं. पुण्याची एक मंडळी नवख्या लोकांना गंगोत्रीच्या बाजूला गिर्यारोहणाला नेणार होती. वाटाड्या तिथलाच, सोबत डॉक्टर, उंची हळूहळू वाढवत न्यायची, आणि शेवटी एक शिखर. शिखराला नाव नव्हतं. नकाशावर नुसता उंचीचा आकडा होता, एकोणीस हजार आणि वर काही फूट.

"मुरलीभाऊ, मला एकदा तिथं वर उभं राहून यायचं आहे," तो म्हणाला. "मंग कोणी काहीबी म्हणो."

घरचे सोडेनात. शेवटी भाभींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, तोड काढली. मुरलीभाऊ सोबत असतील तर जा. अशा रीतीनं ज्याला डोंगराची काडीची हौस नव्हती असा मी, पारसची राखण करायला हिमालयात निघालो.

बगोरी

निघालो तेव्हा जळगावात डांबर वितळत होतं. आगगाडी, बस, मग आणखी एक बस, यांचं वर्णन करत नाही. जिथे बसचा रस्ता संपला तिथे आम्ही उतरलो आणि मे महिन्यात माझे दात वाजायला लागले. मी दोन स्वेटर घातले, वर घोंगडी घेतली आणि तरी वाजतच राहिले. पारस मात्र मफलर गुंडाळून खुशीत उभा होता.

तिथेच आमचा वाटाड्या भेटला. गोविंदसिंग, पन्नाशीचा, गढवाली, पूर्वी फौजेत होता. बोलणं मोजकं. पहिल्याच दिवशी त्यानं आम्हा सगळ्यांना गोल बसवून नियम सांगितले. हळू चालायचं. पाणी पीत राहायचं. डोकं दुखलं तर लपवायचं नाही. तंबूच्या वरच्या अंगाला कापडाची एक नळी असते, ती हवेसाठी असते, ती कधीही बांधायची नाही. हे सगळं मी ऐकलं. ऐकलं म्हणजे कानावर पडलं.

उंचीची सवय व्हावी म्हणून दोन दिवस खालीच काढायचे होते, त्यात बगोरी नावाच्या गावी गेलो. मेंढ्या पाळणाऱ्या, लोकर विणणाऱ्या लोकांचं गाव. लाकडाची घरं, आणि घराबाहेर मागावर बसलेल्या बायका. त्यातल्या एका बाईनं आम्हाला घरात बोलावून चहा दिला. चहात साखरेऐवजी मीठ आणि वर लोणी. पहिल्या घोटाला माझं तोंड असं झालं, की ती बाई माग सोडून हसायला लागली. पारसनं हात जोडून नुसतं गरम पाणी मागितलं. उकळलेलंच आहे ना, हे दोनदा विचारून घेतलं.

तिनं विचारलं, तुमच्याकडे मेंढ्या किती? मी म्हटलं, एकही नाही. तिला आमची फार दया आली. मग मी केळीच्या बागा सांगितल्या. एका झाडाला एकदाच घड येतो, मग ते झाड कापून टाकायचं, बाजूला बुंध्यातून फुटलेलं पिल्लू असतंच, हे सांगितलं. तिनं केळीचं झाड कधी पाहिलं नव्हतं, आणि दरवर्षी झाड कापणारे लोक तिला काही भले वाटले नाहीत.

त्या घराच्या मधोमध चूल होती आणि बरोबर वर छपराला वीतभर भोक. त्यातून थंडगार वारा सरळ खाली येत होता. मला राहवेना. आमच्याकडे केळी पिकवायची खोली कशी असते हे मी तिला हिंदीत समजावलं. एकही फट ठेवायची नाही, दार शेणामातीनं लिंपायचं, आत घमेल्यात गोवऱ्या धुमसत ठेवायच्या. बाहेर पौषाची थंडी असू दे, आत चैत्र. हे भोक बुजवा, म्हटलं, निम्मी लाकडं वाचतील.

ती म्हणाली, "बंद करेंगे तो सोते रह जाएँगे."

मला वाटलं, ऊब लागली की माणूस आळशी होतो, कामाला उठत नाही, असं ती म्हणते आहे. मी हसलो. तीही हसली.

गोमुखाकडे

पुढे गंगोत्रीपासून चालायचं. पहिल्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे. शेतात वावरलेला माणूस मी, पुण्याच्या पोरांना काय ऐकतो? चीडबासापर्यंत धावतच गेलो म्हणा ना. तिथे पोचलो आणि सकाळचा नाश्ता, आदल्या दिवशीचं जेवण आणि बहुधा जळगावहून निघताना खाल्लेलं भरीतसुद्धा झाडामागे जाऊन ओकलो. दुपारभर डोकं धरून पडून राहिलो. पारस सगळ्यांच्या मागून, दीड तासानं आला. आल्या आल्या त्यानं माझी विचारपूस केली आणि मेथीचा खाखरा काढून शांतपणे खायला बसला. त्याला काही झालं नव्हतं.

मी चकित झालो, डॉक्टर चकित झाले. गोविंदसिंग तेवढा झाला नाही. तो दुसऱ्या दिवशी पारसच्या मागे मागे चालला आणि विचारलं, बाबूजी ओठांत काय पुटपुटता? पारस लाजला. तो जैनांचा नवकार मंत्र म्हणत चालत होता. एका पावलाला एक पद. पद संपल्याशिवाय पाय उचलायचा नाही. म्हणून त्याची चाल कधी वाढत नव्हती आणि कधी मोडतही नव्हती.

गोविंदसिंग आम्हाला म्हणाला, "पहाड़ में ऐसे ही चलते हैं. इनसे सीखो."

पारसला झेपायचं नाही हे वाक्य मी वीस वर्षं ऐकलं होतं आणि खोटं कशाला बोलू, मलाही ते पटलेलं होतं. त्या दिवशी भोजबासाच्या उघड्या माळावर, पंधरा माणसांसमोर, एका फौजी माणसानं त्याला गुरू केलं. पारसचा चेहरा मी विसरणार नाही. त्याला हसता येईना.

आमचा रोजचा क्रम मला वेडगळ वाटायचा. सकाळी हजार-दीड हजार फूट चढायचं, वर तासभर नुसतं बसायचं, आणि झोपायला परत खाली. केळीचे घड गाडीत भरायचे आणि पुन्हा उतरवून वखारीत आणायचे, तसला प्रकार. पण रक्ताला पातळ हवेची सवय अशीच लागते, असं डॉक्टर म्हणत. गंगेचं मुख पाहिलं तेव्हा माझी कल्पना पार कोसळली. संगमरवरी वगैरे काही नाही. मळकट, भेगाळलेलं, दगडगोट्यांनी भरलेलं बर्फ आणि त्याच्या खालून गढूळ पाणी धडाडत बाहेर येतं. घराएवढा एक तुकडा आमच्या डोळ्यांदेखत तुटून पडला. मी हात जोडायचेही विसरलो.

जेवणाच्या तऱ्हा तर विचारू नका. पारस कांदा-बटाटा खात नाही, आणि सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. तिथे चारच्या सुमाराला सूर्य डोंगराआड जायचा, उजेड मात्र सातपर्यंत. मग हे मावळणं धरायचं की नाही? पारस दोन दिवस या पेचात अडकला. शेवटी त्यानं पाचोऱ्याचा सूर्य धरला. घड्याळात बघून, आता आपल्याकडे मावळला असेल, असं म्हणून तो भांडं पालथं घालायचा. पुण्याच्या लोकांनी माझ्या ठेच्याला पहिल्यांदा नावं ठेवली, चौथ्या दिवसापासून मागून खाल्ला. सातव्या दिवशी बरणी रिकामी.

वरचा तळ

सोळा हजार फुटांच्या वर, बर्फात, तीन तंबू. आम्ही तिथे सहा जण पोचलो. बाकीचे, डॉक्टरांसह, खालच्या तळावर थांबले होते. एका तंबूत गोविंदसिंग आणि त्याचा एक सोबती, दुसऱ्यात पुण्याचे दोघे, तिसऱ्यात पारस आणि मी. त्या संध्याकाळी गोविंदसिंगनं शिखराचा बेत सांगितला. हवा उघडली की पहिल्या दोरावर, म्हणजे एका दोरानं बांधून सगळ्यात आधी वर जाणाऱ्या तुकडीत, तो, पारस आणि पुण्याचा एक जण. मी दुसऱ्या दिवशी, जमलं तर.

मला लागलं. लपवत नाही. मी राखणदार म्हणून आलो आणि ज्याची राखण करायची तोच पहिल्या दोरावर. पुढे जे झालं त्यात या लागण्याचा काही हात होता का, हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. नव्हता. दहा मिनिटांत ते गेलं, कारण पारस लहान मुलासारखा आपले बूट पुन्हा पुन्हा पुसत बसला होता आणि त्याच्याकडे बघून कुणालाही आनंदच झाला असता.

सकाळी उठलो तर हवा फिरलेली. बर्फ आडवं मारत होतं, चार पावलांवरचा तंबू दिसेना. दिवस तंबूत काढायचा ठरलं. दुपारपर्यंत पारसचे पाय गारठले. आदल्या दिवशी मोजे भिजले होते आणि सुकले नव्हते. आजारी तो नव्हता. थंडी वाजत होती, एवढंच. पण हवा उद्या उघडली आणि हा असाच कुडकुडत राहिला तर? गोविंदसिंग त्याला नेणार नाही आणि पाचोऱ्यात ते वाक्य जन्मभर चालू राहील. मी म्हटलं, पारसशेठ, तुम्ही झोपा. ऊब कशी करतात ते माझ्यावर सोडा.

आणि मी पिकवणीची खोली केली.

फार मन लावून केली. तंबूच्या कडांवर बाहेरून बर्फ थापून दाबलं, जसं आम्ही दाराच्या फटीवर शेणमाती थापतो. दाराच्या दोऱ्या आतून ओढून घट्ट बांधल्या. वरच्या नळीत माझे दोन लोकरी मोजे कोंबले. मधोमध रॉकेलचा छोटा स्टोव्ह, वात अगदी बारीक. गोविंदसिंगचा नियम मला आठवला नाही असं नाही. आठवला, पण वाटलं, हा नियम अडाणी लोकांसाठी आहे. बंद खोलीचं मला कोण शिकवणार? आमच्याकडेसुद्धा पिकवणीची खोली उघडली की अर्धा तास आत कुणी पाय टाकत नाही. का, तर धूर असतो, माणूस गुदमरतो. इथे धूर कुठे होता? स्टोव्ह निळा जळत होता. डोळ्यांना चुरचुर नाही, वास नाही. धूर नाही म्हणजे धोका नाही, अशी माझी तीन पिढ्यांची अक्कल.

पंधरा मिनिटांत तंबूत अशी ऊब आली की मलाच घाम फुटला. पारस म्हणाला, "मुरलीभाऊ, बठ्ठं बराबर शे आता," आणि डोळे मिटले. सगळं ठीक आहे म्हणणारी, दुकानात गिऱ्हाइकांशी बोलताना त्याच्या तोंडी येणारी ती खानदेशी बोली इथे बर्फात ऐकून मला बरं वाटलं. मग मी त्याला निजू द्यावं म्हणून दारातून कसाबसा सरकून बाहेर आलो, दार बाहेरून नीट बांधलं, आणि पुण्याच्या दोघांच्या तंबूत जाऊन पत्ते खेळत बसलो.

तासाभरानं मी बघून आलो. हे लिहिताना माझा हात थांबतो, पण लिहायला हवं. दार बोटभर सारून मी आत पाहिलं. ऊब तशीच होती. पारस शांत झोपला होता आणि त्याच्या गालांवर लाली आली होती. दहा दिवसांत त्याचा चेहरा इतका टवटवीत दिसला नव्हता. केळीनं रंग धरला की आम्ही जसे खूश होतो, तसा मी खूश झालो. मी दार पुन्हा बांधलं आणि परत पत्ते खेळायला गेलो.

चारच्या सुमाराला गोविंदसिंग सगळ्यांची चौकशी करत आला. पारसबाबू कैसे हैं? मी म्हटलं, एकदम मस्त, झोपले आहेत, तंबू असा गरम केला आहे की विचारू नका.

त्यानं फक्त एक शब्द उच्चारला. "गरम?"

मग तो धावला. सोळा हजार फुटांवर माणूस धावतो हे मी तेव्हाच पाहिलं. दोऱ्या सोडवायला तो थांबला नाही. कमरेचा सुरा काढून त्यानं तंबू वरपासून खालपर्यंत फाडला आणि पारसला काखेत धरून बाहेर बर्फात ओढलं. पारसची मान लुळी पडली होती. तोंडातून फेस आलेला. गाल अजून लालच. गोविंदसिंग त्याच्या छातीवर हात घासत होता, नाव घेऊन हाका मारत होता, आणि बर्फ त्या लाल चेहऱ्यावर पडत होतं. मी उभा होतो. मला काही करता येत नव्हतं. माझ्या डोक्यात एकच विचार फिरत होता, की धूर तर नव्हता.

किती वेळ गेला ठाऊक नाही. पारसनं ओकारी काढली आणि डोळे उघडले. त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मी कोण ते त्याला कळलं नाही.

 संध्याकाळी गोविंदसिंगनं फाटक्या तंबूच्या नळीतले माझे मोजे काढून माझ्या हातात दिले. ते घेताना मला जी लाज वाटली तिला तोड नाही.

खाली

काठ्या आणि दोर यांची डोली करून दुसऱ्या दिवशी त्याला खाली आणलं. शिखर सगळ्यांनीच सोडलं. खालच्या तळावर डॉक्टरांनी त्याला तपासलं, मग मला बाजूला घेऊन समजावलं. बंद जागेत जळतं ते नुसता धूरच सोडतं असं नाही. हवा अपुरी पडली की त्यातून एक विषारी वायू निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि माणसाच्या गालावर ती लाली तोच आणतो. आणखी अर्धा तास गेला असता तर, असं म्हणून त्यांनी वाक्य सोडून दिलं. मग म्हणाले, सध्या त्यांना काही सांगू नका, मेंदूला ताण नको. नीट आठवायला लागलं की तुम्हीच सांगा.

बगोरीच्या बाईचं बोलणं मला तिथे कळलं. सोते रह जाएँगे. तिनं हसत हसत मरणाची गोष्ट सांगितली होती आणि मी तिला लाकडं वाचवायला शिकवत होतो.

पारसला हळूहळू सगळं आठवलं, मी, घर, दुकान, बायको, मुलं. फक्त शेवटचे तीन दिवस आठवले नाहीत. गोविंदसिंगनं त्याला गुरू म्हटलं तेवढं आठवत होतं. पहिल्या दोरावर आपलं नाव होतं, हे पुसलं गेलं होतं. गाडीत त्यानं विचारलं, मला काय झालं होतं? मी म्हटलं, उंचीचं काहीतरी. त्यानं मान हलवली आणि खिडकीबाहेर बघत राहिला. बऱ्हाणपूर गेल्यावर म्हणाला, शेवटी झेपलं नाहीच.

मी तेव्हा सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पाचोऱ्याला स्टेशनवर त्याचे तिघे भाऊ आणि भाभी उभ्या होत्या. तारेवरून त्यांना एवढंच कळलं होतं, की पारस वर आजारी पडला आणि मुरलीभाऊंनी त्याला सुखरूप परत आणलं. भाभी रडत माझ्या पाया पडायला वाकल्या. मी मागे सरलो, पण तोंड उघडलं नाही.

पाचोरा

पारस बरा झाला म्हणावं असा झाला. पण त्याचा उजवा हात थरथरतच राहिला. कापड फाडताना त्याचा हात सुतासारखा सरळ जायचा, त्यासाठी बायका त्याच्याकडेच यायच्या. आता तो मागच्या गादीवर बसू लागला आणि फाडायचं काम धाकट्या भावाकडे गेलं. त्याचा मोठा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आम्ही म्हणत होतोच. वाचनालयानं आषाढात माझं भाषण ठेवलं, हिमालयातले अनुभव. मी तासभर बोललो. काळी केळी, खारट चहा, गोमुख, लोक पोट धरून हसले. तंबूचं बोललो नाही. पारस पहिल्या रांगेत होता. त्यानं सगळ्यात जास्त टाळ्या वाजवल्या. घरी येऊन मी जेवलो नाही.

त्यांचं पर्युषण भादव्यात येतं. शेवटच्या दिवशी हे लोक उपास करतात आणि मग घरोघर जाऊन, ओळखीच्या प्रत्येकाची हात जोडून क्षमा मागतात. वर्षभरात जाणता-अजाणता दुखावलं असेल तर. दरवर्षी पारसचं कार्ड यायचं. त्या वर्षी तो स्वतः आला. सकाळी दहाला, पाचोऱ्याहून गाडी आणि मग बस बदलून, पांढरंशुभ्र धोतर नेसून, माझ्या वखारीच्या दारात उभा. मजूर घड उतरवत होते. त्यांच्यासमोर त्यानं थरथरते हात जोडले.

"खमत खामणा, मुरलीभाऊ. माझ्यामुळे तुमचं शिखर राहिलं. बठ्ठ्यांचं राहिलं. मी येतो म्हणायलाच नको होतं."

 ज्याला मी जवळजवळ मारलं तो माणूस दोन-अडीच तासांचा प्रवास करून माझी माफी मागायला आला होता. मी त्याला आत घेतलं, पोत्यावर बसवलं, आणि सगळं सांगितलं. मोजे, बर्फ थापणं, बारीक वात, पत्ते, ती लाली, पुन्हा बांधलेलं दार. डॉक्टर काय म्हणाले तेही. काही राखून ठेवलं नाही. सांगताना त्याच्याकडे बघायची हिंमत मात्र झाली नाही.

बोलून झालं. मी वाट पाहत होतो की तो उठून जाईल, किंवा शिव्या घालेल, किंवा सणाचा दिवस म्हणून क्षमा केली म्हणेल. तिसऱ्याची मला सगळ्यात भीती वाटत होती.

 तो अगदी हळू म्हणाला, "म्हणजे मी कमजोर नव्हतू?"

"नाही," मी म्हणालो. "गोविंदसिंगनं पहिल्या दोरावर तुमचं नाव घेतलं होतं. माझं नव्हतं. आपल्या चौघांत सगळ्यात आधी तुमचं."

"पुन्हा सांगा."

मी पुन्हा सांगितलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं आणि त्यानं ते पुसलं नाही. ते कशाचं पाणी होतं, मला सांगता येणार नाही. त्याच्या जन्माची एक गोष्ट मी त्याला परत देत होतो, आणि ती त्याच्याकडून हिसकावणाराही मीच होतो.

"माफीचं मंग बघू," तो उठत म्हणाला. "आता माझ्यासोबत घरी चला. हे माझ्या भावांसमोर सांगा."

दुपारच्या गाडीनं आम्ही पाचोऱ्याला गेलो.  सणामुळे दुकान बंद होतं, तिघे भाऊ ओसरीवर बसले होते, भाभी दारात आल्या. त्या मला बघून हसल्या आणि पाणी आणायला वळल्या. मी म्हटलं, पाणी नको भाभी, आधी ऐका.

उभ्यानंच सांगितलं. मोठा भाऊ अर्ध्यातच उठला, त्याचा चेहरा रागानं काळा पडला होता, आणि तो माझ्या अंगावर येणार हे मला दिसत होतं. भाभींनी पदर तोंडावर धरला होता. पारसनं थरथरत्या हातानं भावाला अडवलं.

"मारायचं नंतर, भाईजी," तो म्हणाला. "पहिल्या दोराचं तुम्ही नीट ऐकलं नाही. मुरलीभाऊ, ते पुन्हा सांगा."

मी ते पुन्हा सांगितलं.